पडवीतलं गाव

आमच्या घरात कुणी ‘खाली जाऊन येतो’ म्हणालं की तो वेंगुर्ल्याला निघालाय हे कळायचं. आम्ही बेळगावचे. घाटाखाली सावंतवाडी आहे, मालवण आहे, पलीकडे सबंध गोवा आहे. पण आजोबांच्या तोंडचं ‘खाली’ तेवढं एकच. आमसुलं खालची, सुकी मासळी खालची, काजूगर खालचे. पुढे चार जुने कागद वाचले तेव्हा कळलं की ही सवय त्यांची एकट्याची नव्हती. दीडशे वर्षांपूर्वी बेळगावच्या लष्करी छावणीचंही ‘खाली’ वेंगुर्लाच होतं.

पहिल्या भेटीत हे गाव आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. मालवणला समोर सिंधुदुर्ग आहे, रत्नागिरीला थिबा राजाचा वाडा आहे. वेंगुर्ल्याला समोर नुसता समुद्र, आणि बाजारात उतरलात तर तोही दिसत नाही. बाजारापासून बंदरापर्यंत चांगलं चालावं लागतं. चिऱ्याचे गडगे, माडांच्या वाड्या, उताराची कौलारू घरं, एक वळण, आणखी एक वळण, आणि मग एकदम जेटी. जेटीवर गळ टाकून बसलेली दोन मुलं आणि त्यांच्याकडे बघत बसलेलं मांजर. ‘बघायला काय आहे?’ असं विचारणाऱ्या पाहुण्याला इथली माणसं जरा ओशाळून सागरेश्वरचा किनारा दाखवतात, डच वखार दाखवतात आणि गप्प होतात. माझ्या दोन-तीन खेपा अशाच फुकट गेल्या. मग ध्यानात आलं की मी ह्या गावाचं माजघर शोधत होतो, आणि हे गाव मुळात पडवी आहे.

पडवी कशी असते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आल्यागेल्याची जागा. पाण्याचा तांब्या, टेकायला खांब, कोपऱ्यात कुणाची तरी विसरलेली छत्री. घरधनी तिथे मिरवत नाही आणि पाहुणा तिथे मुक्काम ठोकत नाही. पण आत घरात काय चाललंय आणि बाहेर वाटेवरून कोण जातंय, दोन्ही कळतं ते पडवीत बसलेल्यालाच. वेंगुर्ला गेली चारशे वर्षं कुणाच्या ना कुणाच्या पडवीचं काम करत आलंय.

आधी ते गोव्याची पडवी होतं, आणि तिच्यात येऊन बसला तो गोव्याचा वैरी. १६३७-३८च्या सुमाराला डच इथे आले. मुलूख विजापूरच्या आदिलशाहीचा, तिची परवानगी होती. डचांना वेंगुर्ल्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांचा डोळा गोव्यावर. पावसाळा सरला की डच ईस्ट इंडिया कंपनीचं आरमार मांडवीच्या तोंडाशी नांगर टाकून बसायचं, पोर्तुगिजांचं एक तारू आतबाहेर होऊ नये म्हणून. आगोट जवळ आली की उठायचं. १६४४ पर्यंत हा नेम चालला आणि पुन्हा १६५६ ते १६६३ ह्या वर्षांत. महिनोन्‌महिने पाण्यावर बसलेल्या त्या खलाशांना गोडं पाणी, तांदूळ, भाजीपाला कोण देणार? चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरचं वेंगुर्ला. तावेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या १६४८ मध्ये इथे आला तेव्हा त्याच्याही नजरेत हेच भरलं: पाणी चांगलं, तांदूळ चांगला, वेलदोडा नामांकित. गावाचं नाव मात्र त्याने ‘मिंग्रेला’ असं लिहून ठेवलं. हसायला येतं, पण गावातली माणसं स्वतः ‘येंगुर्ला’ म्हणतात आणि सरकारी पाटीवर कधी वेंगुर्ला असतं तर कधी वेंगुर्ले. तेव्हा तावेर्निएला एकट्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

वखार अजून उभी आहे. उभी म्हणजे भिंती उभ्या आहेत. भोवती तट, म्हणून लोक तिला ‘डच किल्ला’ म्हणतात. पण किल्ल्याची ऐट तिच्यात शोधू नये, नाही सापडणार. हे भक्कम बांधलेलं कोठार आहे. मी गेलो ते मार्चमधल्या दुपारी. छप्पर नव्हतं. वडाची मुळं जांभ्याच्या चिऱ्यांमधून वाट काढत खाली आली होती, आणि एका खिडकीत एक मूळ असं आडवं गेलं होतं की लांबून लाकडी गजच वाटावा. वरचा मजला होता हे कळायचं ते भिंतीतल्या चौकोनी खाचांवरून, जिथे तुळयांची टोकं बसत. एका खाचेत पारव्याने काड्या रचल्या होत्या. गिलावा एका कोपऱ्यात तेवढा शिल्लक होता, त्यावर हात फिरवला तर तळव्याला पांढरी भुकटी लागली आणि तिच्यात बारीक, चकाकणारे कण. ह्या भिंतींवर नक्षी नाही, चिन्ह नाही, कुणाचं मोठेपण नाही. मला त्या आवडल्या त्या ह्याचसाठी. किराणा भरायला बांधलेल्या इमारतीने किराण्याच्या इमारतीसारखं दिसावं, ह्यात एक सचोटी आहे.

पण ह्या कोठारातून एक माल असा गेला, जो इतिहासाला मिऱ्यांपेक्षा मोलाचा ठरला. बातम्या. वखारीचा प्रमुख नेमाने बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्त्याला, पत्रं पाठवायचा. १६७४ च्या जूनमध्ये रायगडावर शिवराज्याभिषेक झाला, आणि त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला वेंगुर्ल्याहून अब्राहम ल फेबर ह्याने ती खबर पत्रात लिहून धाडली. शिवकालाचे अभ्यासक ह्या डच कागदांकडे पुन्हापुन्हा वळतात त्याचं कारण सोपं आहे. बखरकाराला राजा थोर करायचा असतो, इंग्रजाला राजापूरच्या लुटीची भरपाई हवी असते. वेंगुर्ल्याच्या डचाची फिकीर एवढीच, की वाटा चालू आहेत का आणि पुढच्या हंगामात माल मिळेल का. अशा माणसाने सहज लिहिलेलं पुष्कळदा खरं निघतं. तो पडवीत बसला होता, आणि आतलं बोलणं त्याच्या कानावर पडत होतं.

ह्याच पडवीतला आणखी एक प्रसंग मला फार आवडतो. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर दख्खनेत संभाजीराजांच्या आश्रयाला आला होता. मनासारखं काही घडेना, तेव्हा कंटाळून १६८३ मध्ये तो वेंगुर्ल्याला आला आणि इराणला जायचं म्हणून जहाजात चढलासुद्धा. मग दुर्गादास राठोड आणि कवी कलश धावत आले आणि समजूत घालून त्याला खाली उतरवलं. एक मोगल शहजादा, एक राजपूत, एक कनोजी ब्राह्मण, आणि वेंगुर्ल्याच्या बंदरात चाललेली विनवणी. नाटककारांनी ह्या प्रसंगाला कसं सोडलं कोण जाणे. पुढे चार वर्षांनी अकबर गेलाच, पण राजापूरहून.

सतराव्या शतकात हे बंदर एकाहून जास्त वेळा जाळलं गेलं. अखेर सावंतवाडीच्या खेम सावंतांनी डच प्रमुखाच्या भेटीला म्हणून वखारीत पाऊल टाकलं आणि ती ताब्यात घेतली, असं गॅझेटियर सांगतं. पाहुण्याच्या बिऱ्हाडी यजमानच पाहुणा होऊन गेला. मालवणी मुलखातल्या दशावतारात खपून जाईल असा हा प्रवेश आहे.

१८१२ मध्ये सावंतवाडीकडून बंदर इंग्रजांकडे गेलं आणि पडवीचं तोंड फिरलं. इतके दिवस ते दक्षिणेला होतं, आता पूर्वेला घाटाकडे झालं. बेळगावला मोठी छावणी. तिच्यासाठी पलटणी आणि सामान मुंबईहून समुद्रमार्गे वेंगुर्ल्याला उतरायचं आणि बैलगाड्यांतून घाट चढायचं, आधी रामघाटाने, नंतर आंबोलीच्या घाटाने. आज ज्या वळणांवर लोक धबधब्यात भिजायला थांबतात तो रस्ता ह्या गाड्यांसाठी झाला. वरून देशावरचा कापूस उतरायचा, खालून मीठ, नारळ, मासळी चढायची. १८७६ मध्ये गावाला नगरपालिका मिळाली. मुंबईला आहे तर आपल्यालाही हवं, म्हणून की काय, इथल्या मंडईचंही नाव क्रॉफर्ड मार्केट.

हा डौल फार टिकला नाही. १८८८ मध्ये मुरगावचं बंदर रेल्वेने घाटमाथ्याशी जोडलं गेलं. आगगाडी आल्यावर कापसाला बैलगाडीतून घाट उतरायचं कारण उरलं नाही. त्यानंतर राहिली ती मुंबईची पडवी: चाकरमान्यांना आणणारी-नेणारी बोट, खोल पाण्यात उभी राहिलेली ती बोट गाठायला पडावांतून केलेली धडपड, ट्रंका, फणस, रडणारी पोरं. बोटीवर मी जास्त लिहीत नाही, तिच्यावर मराठीत पुरेसे उमाळे येऊन गेलेत. रस्ते झाले, एसटी आली, विसाव्या शतकाच्या शेवटी बोट बंद पडली. मंगेश पाडगावकर १९२९ मध्ये इथेच जन्मले, आणि महाराष्ट्राने त्यांना ओळखलं ते मुंबईचे म्हणून. पडवीचं भाग्य असंच असतं.

आणखी एक जन्म सांगण्यासारखा आहे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची माणसं इथे आली, सेंट ल्यूक्स नावाचं इस्पितळ उभं राहिलं. तिथल्या गोहीन कुटुंबात १९१९ च्या १५ ऑगस्टला एक मुलगा झाला, रॉबर्ट. तो १९५७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात परतला. त्याच १९५७ साली वेंगुर्ल्यात आणखी एक गोष्ट सुरू झाली. तिची बातमी तेव्हा कुणी बटाव्हियाला कळवली नाही, पण गावाच्या कथेतलं सर्वांत रसाळ प्रकरण माझ्या मते तेच आहे.

त्याआधी थोडं बाजारात जाऊ, कारण ह्या गावाचा स्वभाव कागदात कमी आणि बाजारात जास्त आहे. सकाळी साडेआठ-नऊ. बांगड्यांचा ढीग, तारल्यांचा ढीग, एका पाटीत मोरीचे तुकडे. मी भाव विचारतो. मावशी भाव सांगत नाहीत, आधी मलाच वाचतात.

‘खयसून इलास?’

‘बेळगावहून.’

‘मगे आमचेच तुमी,’ म्हणत त्यांनी वाट्यात आणखी एक बांगडा टाकला. ‘तिरफळा आसत काय घराक? तिरफळ नाय तर ह्यो बांगडो खावचो नाय.’

भाव त्यांनी कमी केला नाहीच, हे माझ्या चार पावलं पुढे गेल्यावर लक्षात आलं. पण त्या ‘आमचेच तुमी’ला चारशे वर्षांचा सराव आहे. डचाला, फ्रेंचाला, बेळगावच्या सोल्जराला, मिशनच्या मडमेला ह्या बाजाराने असंच म्हटलं असणार, आणि भाव असाच राखला असणार. मालवणी बोलीचा हा गुण आहे. ती सलगी पटकन करते आणि हिशोब सोडत नाही. मालवणच्या बोलण्यात मला एक टोकदार खोच जाणवते. वेंगुर्ल्यात तीच बोली गोव्याच्या सान्निध्याने थोडी सैल, थोडी लांबट होते. हे माझ्या कानाचं मत. मालवणकरांनी रागावू नये.

मावश्यांच्या रांगेपलीकडे हिरव्या पानांवर ओले काजूगर. मार्चच्या सुमाराला वेंगुर्ल्यात आलात आणि ओल्या काजूगरांची उसळ न खाता परतलात तर तुमचं येणं फुकट. आता काजू मुळात इथला नाही. तो ब्राझीलचा, पोर्तुगिजांनी आणलेला. ज्यांना उपाशी मारायला डच इथे तळ देऊन बसले, त्यांचंच झाड ह्या डोंगरउतारांवर मूळ धरून राहिलं. दोघेही गेले, काजू राहिला.

तर १९५७. त्या वर्षी वेंगुर्ल्यात फळ संशोधन केंद्र सुरू झालं. आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. आंब्याच्या माणसांना हे ठिकाण ठाऊक असतं. हापूस चवीला राजा, पण एक वर्ष धरतो आणि एक वर्ष रुसतो, आणि पोटात साका, म्हणजे गरातला पांढरट, न पिकलेला भाग, घेऊन बसतो. दक्षिणेचा नीलम दरवर्षी धरतो. ह्या दोघांचा संकर करून इथे ‘रत्ना’ काढला, १९८१ मध्ये. मग रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून ‘सिंधू’, १९९२ मध्ये, ज्याची कोय इतकी पातळ की असून नसल्यासारखी. रत्ना मी खाल्लाय. साका नाही, गर भरपूर, रंग देखणा. पण वासात हापूसचा तो पहिला तडाखा मला मिळाला नाही. अभिजात रागाचा जोडराग ऐकावा तसं वाटलं: बेत हुशार, सगळं जागच्या जागी, आणि मन मूळ रागाकडे. सिंधूबद्दल मात्र कौतुकच. कोय चोखायची सोय राहिली नाही, ही एकच तक्रार.

काजूचं काम त्याहून मोठं. इथल्या काजूच्या जातींना स्वतंत्र नावं शोधत बसले नाहीत, गावाचंच नाव दिलं आणि पुढे आकडा लावला: वेंगुर्ला-१, वेंगुर्ला-२, असं करत. लागवड करणारा कोकणातला माणूस नुसतं ‘चार नंबर’, ‘सात नंबर’ म्हणतो. १९८१ चा चार नंबर म्हणजे ‘मिदनापूर रेड’ आणि ‘वेतोरे-५६’ ह्यांचा संकर. म्हणजे एक घराणं बंगालचं आणि दुसरं शेजारच्या वेतोरे गावचं. १९९७ च्या सात नंबरच्या रक्तात तमिळनाडूच्या वृद्धाचलमची जात आहे, आणि त्याची बी चांगली दहा ग्रॅमच्या घरात भरते. बंदर बंद झाल्यावर ह्या गावाने देशभरचे पाहुणे आणायची ही दुसरी वाट काढली.

केंद्राजवळच्या एका रोपवाटिकेत मी एका बाईंना कलम बांधताना अर्धा तास पाहिलं. हे बघायला कुणी जात नाही आणि वेंगुर्ल्यात बघायची खरी गोष्ट हीच आहे. काडी झाडावरून तोडायच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं कापून ठेवतात, नुसते देठ ठेवायचे. पानं गेली की काडीचा शेंड्याचा डोळा फुगायला लागतो आणि देठ आपसूक गळतात. अशी भरात आलेली काडी घ्यायची. पिशवीतल्या कोवळ्या रोपाचा शेंडा उडवायचा, खोडाला मधोमध उभी चीर द्यायची. काडीचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची आणि ती चिरेत बसवायची. सालीला साल मिळाली पाहिजे, निदान एका बाजूने तरी. मग प्लॅस्टिकची पट्टी खालून वर घट्ट गुंडाळायची आणि वर पातळ पिशवीची टोपी घालायची, आतली ओल टिकावी म्हणून. बाईंचा हात एवढा बसलेला, की त्या बोलत होत्या माझ्याशी आणि सुरी चालली होती तिची ती. मी विचारलं, किती जगतात? ‘हात आणि पावस बघून,’ त्या म्हणाल्या. त्यांचं बोट एका ठिकाणी कापलेलं होतं आणि त्यावर कलमाचीच पट्टी गुंडाळलेली होती.

अलीकडच्या वेंगुर्ल्याचं आणखी एक कौतुक करायला हवं, मग ते कितीही गद्य वाटो. इथल्या नगरपालिकेने घरोघर कचरा वेगळा करून घेतला, ओल्याचा बायोगॅस केला, प्लॅस्टिक बारीक करून रस्त्याच्या डांबरात घातलं, आणि जिथे गावाचा उकिरडा होता तिथे बाग करून लोकांना बघायला बोलावलं. बाहेरगावचे नगरसेवक ती बघायला येतात. डच वखारीपेक्षा तिथे गर्दी जास्त असते, आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही.

संध्याकाळी जेटीवर बसलो की वायव्येला, दूर समुद्रात खडकांवरचा दिवा लुकलुकतो. त्या खडकांना जुन्या इंग्रजी नकाशांवरून ‘बर्न्ट आयलंड’ म्हणायची चाल पडली. तिथल्या गुहांत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे, लाळेने घरटी बांधणाऱ्या पाकोळ्यांची. ह्या घरट्यांचं परदेशात सूप होतं, म्हणून ती चोरीला जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेच्या माणसांनी राखण करून ही चोरी थांबवली. जेटीवरून पाकोळ्या दिसत नाहीत, नुसता दिवा दिसतो, आणि तो बघून आपणही उठतो.

जाणार असाल तर मार्च-एप्रिलमध्ये जा, शनिवार-रविवार टाळून. वखारीत सकाळी लवकर पोचा, उन्हं तिरपी असताना, म्हणजे तुळयांच्या खाचा दिसतात. उसळ खा. रोपवाटिकेत अर्धा तास उभे राहा. मी परतताना चार नंबरची सहा कलमं घेतली, टोप्यांसकट. बेळगावच्या गाडीत त्यांना पायापाशी उभं केलं. आंबोलीच्या घाटात तिसऱ्या वळणावर कंडक्टर आला, त्याने पिशवी बघितली, कुठलं कलम म्हणून विचारलं, आणि लगेजचं वेगळं तिकीट फाडलं.